टेंडर दुसऱ्यालाच दिलं, कोर्टात जाऊ का?

प्रश्न: वकीलसाहेब, आमच्या नगरपालिकेच्या कचरा उचलायच्या टेंडरमध्ये ३ वर्षांच्या अनुभवाची अट होती, आम्ही सगळी सर्टिफिकेटं लावली, पण काम मिळालं अशा पार्टीला जिची कंपनीच गेल्या वर्षी सुरू झालीय. काही करता येईल का?

उत्तर: येईल की, पण घाई करा. अशाच भांडणावर १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, रमणा शेट्टी केस म्हणतात, मुंबई एअरपोर्टवरच्या रेस्टॉरंटचं टेंडर होतं, ५ वर्षांचा अनुभव हवा असं लिहिलेलं आणि दिलं मात्र तो नसलेल्याला. कोर्ट म्हणालं, सरकारी संस्थेनं स्वतः घातलेली अट स्वतःच मोडायची नाही, राज्यघटनेचं कलम १४, म्हणजे समानतेचा हक्क, आडवं येतं. पण गंमत बघा, कंत्राट काही रद्द केलं नाही! अर्जदार उशिरा आला, तोवर समोरच्यानं पैसे घालून सगळं उभं केलं होतं, शिवाय हा दुसऱ्याच्या वतीनं आलाय असंही कोर्टाला दिसलं.

म्हणून आधी लेखी हरकत द्या, पोच घ्या, पोर्टलवरचं टेक्निकल छाननीचं पान डाउनलोड करून ठेवा. माहिती अधिकारात कागद मागा, पण त्याच्या ३० दिवसांची वाट बघत बसू नका, राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट टाका, म्हणजे सरकारी संस्थेविरुद्धची थेट याचिका, वर्क ऑर्डर निघायच्या आत स्टे मागितला तर खरं. आणि फक्त 'आमचा रेट कमी होता' यावर विसंबू नका, सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून कोर्ट प्रक्रिया तपासतं, निवड स्वतः करत नाही.