राष्ट्राध्यक्ष निवडायचा नसेल त्या वर्षी मत कशाला द्यायचं?

तुम्ही विचारलंय की मुलगा न्यू जर्सीत आहे, नुकतंच नागरिकत्व मिळालंय, तर राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसलेल्या वर्षी नुसत्या राज्याच्या विधिमंडळासाठी मत द्यायला जावं का. जावं. माझ्या मते ते मत राष्ट्राध्यक्षाच्या मतापेक्षा जास्त मोलाचं आहे.

मी व्हर्जिनियात, न्यूपोर्ट न्यूजला राहतो. आमचे साडूही इथलेच, मूळचे गिरगावचे. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या २२० नंबरच्या वॉर्डात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली, ५,९४६, आणि चिठ्ठीवर शहा निवडून आले. साडूंनी ही बातमी इथल्या प्रत्येक मराठी घरी फोन करून सांगितली. नोव्हेंबरात स्वतःच्या दारात राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक आली तेव्हा मात्र म्हणाले, "हे डेलिगेट वगैरे कोण बघतो? यात ट्रम्प थोडाच पडणार आहे?" शिफ्ट संपली आणि ते थेट घरी गेले.

डेलिगेट म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाचा, हाउस ऑफ डेलिगेट्सचा सदस्य. आमचा मतदारसंघ ९४ वा. रिपब्लिकन डेव्हिड यान्सी विरुद्ध डेमोक्रॅट शेली सायमंड्स. पहिल्या मोजणीत यान्सी दहा मतांनी पुढे. फेरमोजणीत सायमंड्स एका मताने पुढे. दुसऱ्या दिवशी तीन न्यायाधीशांनी एक वादग्रस्त मतपत्रिका यान्सींच्या नावावर धरली. तिच्यावर दोघांच्याही नावापुढचे गोल भरलेले होते आणि सायमंड्सच्या गोलावर एक रेघ ओढलेली होती. झाले ११,६०८ विरुद्ध ११,६०८. ४ जानेवारी २०१८ ला राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये वाडग्यातून चिठ्ठी काढली, यान्सींची निघाली. शंभर जागांचं हाउस ऑफ डेलिगेट्स ५१-४९ असं रिपब्लिकनांकडे राहिलं. चिठ्ठी उलटी निघाली असती तर ५०-५०.

साडूंचं म्हणणं आजही हेच की शेवटी चिठ्ठीच काढली ना, मग माझ्या मताचा काय संबंध? अहो, तुमचं मत पडलं असतं तर चिठ्ठी काढायची वेळच आली नसती! कोणालाही पडलं असतं तरी.

२०१९ ला सायमंड्स जिंकल्या आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे गेली, हाउस ५५-४५, सिनेट २१-१९. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये व्हर्जिनियाने फाशीची शिक्षा रद्द केली, दक्षिणेतलं पहिलं राज्य. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाउस पुन्हा रिपब्लिकनांकडे गेलं, ५२-४८. दोन-चार जागांवर सभागृह फिरतं, आणि शाळा, विमा, बंदुकीचे नियम हे सगळं तिथेच ठरतं. २०१६ ला राष्ट्राध्यक्षासाठी इथे ७२ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, २०१७ ला ४८ टक्केसुद्धा नाही. जे घरी बसतात त्यांचाही निर्णय मग बाकीचे करून टाकतात.

विषम वर्षांत या निवडणुका घेणारी राज्यं चारच: व्हर्जिनिया, न्यू जर्सी, लुइझियाना, मिसिसिपी. राज्याच्या कारभारावर वॉशिंग्टनची लाट येऊ नये हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात लाट येतेच. तुमच्या मुलाच्याच न्यू जर्सीत २०२१ ला राज्य सिनेटचे अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी यांना एडवर्ड डर नावाच्या ट्रक ड्रायव्हरने पाडलं. नाव कोणाला माहीत नव्हतं त्या माणसाने.

हेही सांगायला हवं की २०१८ ला चिठ्ठी डेमोक्रॅटांच्या विरुद्ध जाऊनही व्हर्जिनियात मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार झाला, सुमारे चार लाख लोकांना विमा मिळायची वाट मोकळी झाली. काही रिपब्लिकनांनीच बाजूने मत दिलं, कारण त्यांचा पक्ष ६६ वरून ५१ वर आला होता. आणि २०१९ च्या आधी न्यायालयाच्या आदेशाने काही मतदारसंघांच्या हद्दीही बदलल्या होत्या, त्याचा फायदा डेमोक्रॅटांना झाला. म्हणजे सगळं एका मतावर अडलेलं नसतं, हे मान्य.

पण मुलाला रजा काढायची गरज नाही, न्यू जर्सीत टपालानेही मत देता येतं. आणि आमच्या साडूंची शिफ्टची सबब? २०२० साली याच विधिमंडळाने कारण न विचारता ४५ दिवस आधीपासून मत द्यायची सोय केली आहे. २०२७ ला हाउस आणि सिनेट, दोन्हींची निवडणूक आहे. मी त्यांना तारीख कळवून ठेवली आहे.