खिडक्या कोणी लावल्या?

पत्र : "भांडणाच्या भरात मी बायकोची कवितांची वही फाडली. कित्येक वर्षांचं लिखाण होतं तिचं. खिडक्या लावून घेतल्या होत्या, म्हणून निदान शेजाऱ्यांपुढे तमाशा झाला नाही. माझा स्वभावच तापट, वडीलही असेच होते. राग आला की मला काही सुचत नाही. जे माझ्या हातातच नाही, त्याचा दोष माझ्या माथी कसा?"

उत्तर : राग आला की काही सुचत नाही म्हणता, मग खिडक्या लावायचं कसं सुचलं? उठलात, एकेक कडी घातलीत, शेजारी काय म्हणतील याचा विचार केलात आणि मग वहीला हात घातलात. आणि वहीच का? फोडण्याजोगं घरात आणखी कितीतरी असेल. तिला सगळ्यात जास्त काय लागेल, हे तुम्हाला त्या क्षणी नेमकं ठाऊक होतं. लोकांची लाज होती, तिची नव्हती.

तापटपणा वडिलांकडून आला असेल, मान्य. डोकं चटकन तापतं यात तुमचा दोष नाही. पण वाढत्या वयात स्वभाव आपणच पोसतो. एकदा आवाज चढवला, घर गप्प झालं, म्हणजे खपलं. मग पुढच्या वेळी हात आणखी मोकळा सुटतो. इ.स.पू. सहाव्या शतकात मितिलीनी या ग्रीक नगरराज्यात पिटाकसने कायदा केला होता, की नशेत गुन्हा केला तर शिक्षा दुप्पट. अशा शिक्षेचं कारण अ‍ॅरिस्टॉटलने दिलंय : नशेत त्याला कळत नव्हतं खरं, पण न पिणं तर त्याच्या हातात होतं! तुम्हाला तर तेवढीही नशा चढलेली नव्हती.

मला वहीपेक्षा या पत्राचा जास्त राग आलाय. वही फाडून झाली. आता 'स्वभाव आहे' म्हणत तुम्ही माझ्याकडून पुढच्या वेळेची परवानगी मागताय. ती मिळणार नाही.

आजच तिच्यासमोर बसा आणि एवढंच सांगा : "मी आधी खिडक्या लावल्या. मला कळत होतं, तरी मी वही फाडली." 'राग अनावर झाला' हे तोंडातून येऊ देऊ नका. त्यानंतर माफ करायचं की घर सोडायचं, ते तिचं ती ठरवेल. तिच्या मागे लागू नका. आणि वडिलांना मध्ये आणू नका.