जर्मन माणूस कमी तास काम करून जास्त कमावतो, मग आपला कामगार कामचुकार आहे का?

अजिबात नाही. वसईच्या एका गाळ्यात अकरा वर्षं मी टर्निंगचं, म्हणजे फिरत्या मशीनवर धातू कातून भाग बनवण्याचं, काम बघतोय, म्हणून हे ठासून सांगतो.

आमच्याकडे जुन्या, हाताने चालवायच्या लेथवर एक टर्नर शिफ्टला ६० बुश (धातूचे नळीसारखे छोटे भाग) काढायचा. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं मशीन, आलं आणि तोच माणूस दोन मशीन सांभाळून ४०० च्या वर जायला लागला. जास्त राबला म्हणून नव्हे. उलट संध्याकाळी खांदे धरायचे, ते थांबलं. उत्पादकता म्हणजे तासाभराच्या कामातून किती मूल्य तयार झालं ते. घाम किती गळला, हे त्यात कोणी विचारत नाही. जर्मन कामगाराचे तास वर्षाला सरासरी १,३४० च्या आसपास भरतात, कारण तिथे अर्धवेळ काम करणारे, त्यातही बायका, पुष्कळ आहेत. पण त्या प्रत्येक तासामागे मशीन, वीज, रस्ते, प्रशिक्षण सगळं उभं असतं.

आपली सरासरी खाली ओढली जाते ती शेतीमुळे. २०२३-२४ च्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात ४६ टक्के कामकरी शेतीत होते, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण १८ टक्के. घरचे चार जण भाताच्या खाचरात राबतात. त्यातला एक मुंबईला आला तरी भात तेवढाच पिकतो. आमचे निम्मे ऑपरेटर असेच गावाहून आलेले आहेत. त्यांना आळशी म्हटलेलं मला सहन होत नाही.

तुलना करताना तीन आकडे वेगळे ठेवा: तासाचं उत्पादन, वर्षाचे तास आणि शंभरातले किती जण कामाला आहेत. फ्रान्स तासाच्या हिशोबात अमेरिकेपासून फार लांब नाही, पण दरडोई उत्पन्नात बराच मागे आहे. तिथे सुट्ट्या जास्त, आणि कामावर असलेले लोकही तुलनेने कमी.

दरडोई आकड्यालाही लगेच भुलू नका. लक्झेंबर्गमध्ये फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून दोन लाखांवर लोक कामाला येतात. त्यांनी केलेलं उत्पादन लक्झेंबर्गच्या खात्यात पडतं, पण भागताना माणसं धरतात ती फक्त तिथे राहणारी. आपल्याकडे बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) काम करणारा बदलापूरला झोपतो, तसंच.

आणि राहणीमान म्हणाल तर माझ्या घरातलंच सांगतो. बायको चर्चगेटला नोकरी करते. घरापासून ऑफिसपर्यंत दीड तास, परत दीड. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला ९०० तास. जर्मन माणसाच्या वर्षभराच्या कामाचे दोन तृतीयांश तास ती जाण्यायेण्यात काढते, आणि ते तिच्या कामाच्या तासांत कुठेच धरले जात नाहीत.