वजन वाढले, की उड्डाणवेगही वाढतो

प्रश्न : संगणकावरच्या उड्डाण सिम्युलेटरमध्ये रिकामे एफ-१६ लढाऊ विमान सहज उडते, मात्र बॉम्ब आणि जादा इंधनटाक्या लावून त्याच वेगाला स्टिक (विमानाचे नाक वर-खाली करणारा दांडा) ओढली, की मागचा भाग धावपट्टीला घासतो. माझे काय चुकते?

उत्तर : दोन्ही वेळा वेग एकच धरला, ही मूळ चूक. उड्डाणाला लागणारा वेग वजनाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वजन २१ टक्क्यांनी वाढले, तर वेग १० टक्क्यांनी जास्त लागतो, आणि रिकामे विमान १४० नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) उडत असेल, तर भरलेले १५४ नॉटच्या आसपास उडेल. त्या वेगाच्या साधारण १० नॉट आधी स्टिक हळुवार मागे घ्यावी, नाक ८ ते १२ अंशांवर स्थिर धरावे आणि विमानाला आपणहून जमीन सोडू द्यावी. घाईने ओढल्यास मागचा भाग तर घासतोच, शिवाय हवेचा अवरोध वाढून वेगवाढ मंदावते, आणि हेच नुकसान अधिक मोठे आहे. लेहसारख्या सुमारे ३,२५० मीटर उंचीवरच्या विमानतळावर वेगदर्शकावरचा आकडा तोच राहतो, पण विरळ हवेमुळे प्रत्यक्ष वेग जवळपास १८ टक्क्यांनी जास्त असतो आणि इंजिनाचा जोरही घटतो, त्यामुळे धाव बरीच लांबते. उड्डाणानंतर चाके ३०० नॉटच्या आत वर घ्यावीत.