जीन वुल्फ यांची 'द बुक ऑफ द न्यू सन' शंभर पानं वाचूनही कळत नाहीये. पुढे वाचू की सोडून देऊ?

इतक्यात सोडू नका.

ही विज्ञानकथा आहे की तलवारी-बुरुजांची अद्भुतकथा, तेच समजत नाही असं तुम्ही म्हणता. परीक्षकांचंही बहुधा तसंच झालं असावं. 'द शॅडो ऑफ द टॉर्चरर' (१९८०) या चारपैकी पहिल्या खंडाला अद्भुतकथांसाठीचं वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळालं आणि 'द क्लॉ ऑफ द कन्सिलिएटर' या दुसऱ्याला नेब्युला, जे बहुतेक विज्ञानकथांना मिळतं. गोष्ट मात्र एकच, सलग.

खरी मेख निवेदकात आहे. सेव्हेरियन हा यातना देणाऱ्यांच्या संघात वाढलेला पोरगा. काळ इतका पुढचा की सूर्य विझत आलाय. त्याला जे दिसतं ते तो नेमकं सांगतो, पण ते काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. एक म्हातारा जुनी चित्रं साफ करत बसलेला असतो, आठवतंय? त्यातल्या एका चित्रात ओसाड वाळवंटात चिलखत घातलेला योद्धा उभा आहे. शिरस्त्राणाला डोळ्यांसाठी फटी नाहीत, नुसती सोनेरी काच, आणि तिच्यात फक्त वाळवंटाचं प्रतिबिंब. हा चंद्रावर उतरलेला अंतराळवीर! सेव्हेरियनला ते कळत नाही, वुल्फ सांगत नाहीत, आणि आपण सहज पुढे निघून जातो. तो ज्या धातूच्या बुरुजात वाढला, त्या बुरुजाचं वर्णनही आता पुन्हा वाचून बघा.

आपण काहीच विसरत नाही, असं हा गृहस्थ सुरुवातीलाच सांगून टाकतो. विसरत नसेलही, पण सगळं सांगतो असं कुठे म्हणालाय? काय गाळतोय त्यावर लक्ष ठेवा.

वुल्फ पेशाने इंजिनिअर. कोरियाच्या युद्धात जाऊन आले, मग ह्यूस्टनला मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. प्रिंगल्सचे वेफर ज्या यंत्रात तळले जातात ते यंत्र घडवण्यात त्यांचा हात होता. पुढे बरीच वर्षं 'प्लांट इंजिनिअरिंग' या मासिकात संपादक होते. हा स्वभाव पुस्तकात जागोजागी दिसतो. सेव्हेरियनच्या तलवारीच्या पात्यात पोकळी आहे आणि तिच्यात पारा. तलवार उचलताना पारा मुठीकडे येतो म्हणून ती हलकी लागते, घाव घालताना टोकाकडे धावतो म्हणून जड. नोकरी असल्यामुळे त्यांना छपाईची घाई नव्हती. पहिला खंड बाहेर येण्याआधीच चारही खंडांचे खर्डे तयार होते, त्यामुळे पहिल्या खंडात सहज टाकलेली गोष्ट थेट चौथ्यात उगवते.

अनोळखी शब्दांसाठी दर ओळीला शब्दकोश उघडू नका, संदर्भाने अंदाज येतो.

दोष आहेतच. दुसऱ्या खंडातलं ते लांबलचक नाटक मला अजूनही कंटाळवाणं वाटतं. बायकांकडे बघण्याची सेव्हेरियनची नजर काही ठिकाणी फार खटकते, आणि दर वेळी 'ती पात्राची नजर आहे, लेखकाची नव्हे' ही सबब मला पुरत नाही.

पण चौथ्या खंडातल्या एका प्रकरणासाठी मी हे सगळं माफ करतो. युद्धाच्या इस्पितळात जखमी लोक गोष्टी सांगत असतात. त्यांच्यात शत्रूचा एक कैदी आहे. त्याच्या देशात सरकारने मंजूर केलेल्या वाक्यांखेरीज काही बोलायचीच मुभा नाही. तोही गोष्ट सांगतो, फक्त त्या घोषणावजा वाक्यांत, आणि शेजारची जखमी बाई एकेका वाक्याचा अर्थ इतरांना उलगडून सांगते. अन्यायाविरुद्ध पुन्हा पुन्हा दाद मागणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट आहे, आणि ती सरकारी वाक्यांतून व्यवस्थित सांगून होते! शीतयुद्धाच्या काळात लिहिलेलं आहे, हे वाचताना जाणवतंच.

'द अर्थ ऑफ द न्यू सन' (१९८७) हा पाचवा भाग लगेच घेऊ नका. चार झाल्यावर पहिला पुन्हा वाचा, मग तो.

सध्या वनस्पती-उद्यान आणि त्यानंतरचं विषारी फुलांनी लढलेलं द्वंद्व इथवर जा. पहिल्याच खंडात आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथेही काही वाटलं नाही तर खुशाल ठेवून द्या.