नॉर्वेतल्या पहिल्या शीडनौका-सहलीची तयारी

खडकवासल्याच्या शांत पाण्यात आपल्याला शीड सांभाळता आले, ही चांगलीच सुरुवात आहे. तरी लोफोटेन बेटांजवळ पहिल्या वर्षी नौका स्वतः हाकण्याचा मोह टाळावा आणि तिथला अनुभवी कप्तान सोबत घ्यावा. जून-जुलैत उजेड भरपूर असतो, मात्र समुद्राचे पाणी साधारण १२ अंश सेल्सिअसच राहते. नवखे हमखास चुकतात ते कपड्यांत: माझा सुती बनियन सकाळच्या एका लाटेने भिजला, तो रात्रीपर्यंत अंगाला गार चिकटून होता. म्हणून आत लोकर, बाहेर जलरोधक जाकीट. नॉर्वेसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, तो लांबवू नये. वारा बिघडल्यास बंदरात थांबण्यासाठी २ दिवस मोकळे ठेवावेत. आणि चाकांची कडक बॅग नकोच. ती नौकेत कुठेही मावत नाही.