जुन्या शिंपल्यांवरून माणसं कधी, काय वेचत होती आणि हवामान कसं होतं, हे कसं कळतं?

शिंपला कडेला थरावर थर चढवत वाढतो आणि प्रत्येक थरातल्या ऑक्सिजनमध्ये तेव्हाच्या पाण्याची नोंद राहते. पाणी थंड असेल तर ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) जास्त, उबदार असेल तर कमी. काठावरचा शेवटचा थर म्हणजे जीव पकडला गेला तो काळ. त्यावरून माणसं कुठल्या ऋतूत वेचायला येत ते निघतं. लिबियातल्या हौआ फ्तेआह गुहेतल्या शंखांवर असं काम झालंय.

आपल्या गोव्यात मात्र गंमत आहे. मांडवी-जुवारीच्या मुखाशी पावसाळ्यात एवढं गोडं पाणी उतरतं की ऑक्सिजन-१८ त्यानेच घटतं. तिसरीच्या (खायच्या क्लॅमच्या) शिंपल्याला नुसता थर्मामीटर समजलात तर फसाल. तिथे आधी पाऊस दिसतो, तापमान नंतर.

माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांच्या ढिगाऱ्यात खालून वर, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे येताना शिंपले लहान होत गेले, तर बेसुमार वेचणीचा संशय येतो. (पाणी बदललं तरी असं होतं, म्हणून मी फक्त यावरच विसंबणार नाही.) आणि वय काढताना जपून: समुद्री शिंपल्याचं कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वरून काढलेलं वय काही शतकं जास्तच दिसतं, ते दुरुस्त करावं लागतं.